वजनकाट्याला न दिसणारी चरबी

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि पत्रिकेवर विषय छापलाय, 'पन्नाशीनंतरचं आरोग्य'. एवढ्या मोठ्या विषयात केसांपासून टाचांपर्यंत सगळं मावेल. मी त्यातली फक्त एक वीतभर जागा निवडली आहे, ती म्हणजे आपलं पोट. हसू नका, पहिल्या रांगेतल्यांनो. पोट आत घेऊन बसायचीही गरज नाही, मी कोणाकडे बघून बोलत नाहीये.

सकाळी आपण दिवंगत वर्गमित्रांना श्रद्धांजली वाहिली. सात नावं वाचली गेली. त्यातले तिघं हृदयविकाराने गेले. त्यांच्यापैकी एकाला आपण शाळेत 'काडी' म्हणायचो. शेवटपर्यंत त्याचं वजन ६४ किलोच्या वर गेलं नाही. त्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "ताई, हे तर कधी जाड नव्हतेच. मग असं कसं झालं?" त्या दिवशी तिला जे दोन वाक्यांत सांगितलं, ते आज जरा सविस्तर सांगते. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. दवाखान्यात मला तो दर आठवड्याला कोणीतरी विचारतं.

आपल्या मनात हिशोब सोपा असतो : जाड माणसाला हृदयविकार, बारीक माणूस सुरक्षित. हा हिशोब आपल्या देशात तरी नीट जुळत नाही. का जुळत नाही, याचा शोध बऱ्याच अंशी आपल्या पुण्यात लागला आहे, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे संशोधक मित्र. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच : २२.३. कोणत्याही तक्त्यात हा आकडा 'उत्तम' या रकान्यात बसतो. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी दोघं सारखे, पण आतून एकाच्या शरीरात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी. आपल्यासारख्या या ठेवणीला आता जगभर 'थिन-फॅट इंडियन' म्हणतात. हातपाय बारीक, स्नायू कमी, आणि चरबी पोटाशी.

ही ठेवण येते कुठून? पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो होतं. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान होती, स्नायूंनीही कमी. पण कातडीखालच्या चरबीत मात्र त्या मानाने फारशी मागे नव्हती. म्हणजे आईच्या पोटात जे थोडंफार मिळालं, त्यातलं बाळाने चरबी म्हणून आधी राखून ठेवलं.

आता आपल्या तुकडीकडे बघा. आपण बहुतेक जण १९६९-७० चे. १९७२ च्या दुष्काळात आपण दोन-तीन वर्षांचे होतो. मिलोची भाकरी आणि सुकडी यांच्या गोष्टी आपण घरोघरी ऐकल्या आहेत. आपल्या आयांनी आपल्याला पोटात वाढवलं तेव्हा त्यांचं स्वतःचं पोट किती भरत होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशी काटकसरीची सवय घेऊन आलेल्या शरीराला चाळिशीनंतर खुर्चीतली नोकरी, दारात गाडी आणि रोजचं दिवाळीचं ताट मिळालं. बाळ लहान जन्माला येणं आणि पुढे वजन भराभर वाढणं, ही जोडगोळी मधुमेह आणि हृदयविकाराला पोषक ठरते, असं अशा अभ्यासांतून दिसत आलं आहे.

मग सगळीच चरबी वाईट का? नाही. इथे बाईंनी आठवीत शिकवलेलं शरीरशास्त्र थोडं पुढे नेते. चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती, यकृताला लागून असते. ती चिमटीत येत नाही. उलट ती जास्त असेल तर पोट टणक लागतं, आणि माणूस अभिमानाने सांगतो, "हात लावून बघ, कसं घट्ट आहे!"

कातडीखालची चरबी म्हणजे घरातली कणगी. जास्तीचं धान्य तिथे सुखाने राहतं. आपल्या लोकांची ही कणगी लहान असते. ती भरली की धान्य स्वयंपाकघरात, देवघरात, माजघरात ओतलं जातं. शरीरात तसं झालं की चरबी आतड्यांभोवती, यकृतात, हृदयाभोवती जमते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं लिहून येतं आणि आपण "ते आजकाल सगळ्यांनाच असतं" म्हणून फाईल मिटवतो. सगळ्यांना असतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. कणगी ओसंडल्याची ती पहिली खूण असते.

जपानचे सुमो पैलवान दीड-दीडशे किलोचे असतात. पण रोज तासन् तास सराव करणाऱ्या या पैलवानांची चरबी बहुतांशी कातडीखाली असते, पोटाच्या आत कमी. उलटही करून पाहिलं गेलं आहे. २००४ मध्ये अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची, कातडीखालची साधारण दहा किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर रक्तदाब, इन्सुलिनचं काम, कोलेस्टेरॉल, दाहाच्या खुणा यांत काहीच सुधारणा नव्हती. दहा किलो गेले, पण त्रास देणारी चरबी आत जिथल्या तिथेच होती.

ती आतली चरबी करते काय, ते आता बघू. तुम्हाला काटा टोचला की तिथे लाल होतं, सुजतं, गरम लागतं, दुखतं. हा दाह. पांढऱ्या पेशी येतात, जंतूंशी झुंजतात, काम संपलं की निघून जातात. हा चांगला दाह. पोटातल्या फुगलेल्या चरबीच्या पेशींना पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो, काही पेशी मरतात, आणि त्या निस्तरायला अशाच पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. फरक एवढाच की इथला काटा निघतच नाही. मग या पेशी वर्षानुवर्षं तिथेच ठाण मांडतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहतात. ताप येत नाही, दुखत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखं नुसतं धुमसत राहतं.

त्यातून आणखी एक अडचण. आतड्यांकडचं रक्त थेट यकृतात जातं. त्यामुळे या चरबीतून सुटलेली मेदाम्लं आणि ही रसायनं यकृताच्याच दारात जाऊन उभी राहतात. यकृत मग ट्रायग्लिसराइड जास्त बनवतं, इन्सुलिनला दाद देईनासं होतं, रक्तातली साखर वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, आणि सीआरपी नावाचं प्रथिन तयार होतं. रक्ततपासणीत हेच प्रथिन दाहाची खूण म्हणून मोजतात.

याचा हृदयाशी संबंध कसा? आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते नळात गाळ साचून पाणी बंद होण्याचं. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं आणि तिथे गळवासारखा फुगवटा तयार होतो. त्यावर एक आवरण असतं. आवरण जाड असेल तर फुगवटा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. पण दाह जास्त असेल तर त्याच पांढऱ्या पेशी हे आवरण आतून कुरतडून पातळ करतात. एखाद्या दिवशी ते फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. म्हणून गेल्या महिन्यात पट्ट्यावर धावायची तपासणी नीट आलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो. वाट फारशी अरुंद झालेली नसतेच, आवरण मात्र कच्चं झालेलं असतं. 'काडी'च्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. बारीक अंग, लहान कणगी, पोटाशी साठा, आणि आत धुमसणारा दाह. त्यात तंबाखूची भर.

हे नुसते तर्क नाहीत. डॉ. सलीम युसुफ हे मूळचे केरळचे, कॅनडातले हृदयतज्ज्ञ. त्यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. हृदयविकाराचा धोका ओळखायला बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या मापांचं गुणोत्तर जास्त उपयोगी पडतं, असं त्यात दिसलं. आणि आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळजवळ ५९ व्या वर्षी, हेही त्यातूनच पुढे आलं. मित्रांनो, आपण आज पंचावन्न-छप्पन्नचे आहोत.

दाहाचा पुरावा २०१७ मध्ये मिळाला. आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये कॅनाकिनुमॅब हे फक्त दाह कमी करणारं औषध तपासलं गेलं. त्याने वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं नाही, तरी मधल्या मात्रेला झटके आणि पक्षाघात साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले. पण जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांचं प्रमाण थोडं वाढलं, आणि औषध फार महाग. त्यामुळे ते हृदयासाठी वापरात आलं नाही. नंतर गाउटवरचं जुनं, स्वस्त कोल्चिसिन तपासलं गेलं आणि काही हृदयरुग्णांना त्याचा फायदा दिसला. पावसाळ्यात आपल्या डोंगरात लाल-पिवळी कळलावी फुलते ना, तिच्यातही हेच कोल्चिसिन असतं. पण ती जहाल विषारी आहे. आज घरी जाऊन कोणी कंद उकरू नका. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारायचं औषध आहे ते.

आता काय करायचं ते. शिंप्याकडची साधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, कपडे बाजूला करून, टेप आडवी सरळ धरून, श्वास सहज सोडून माप घ्या. पॅंटचा नंबर हे माप नव्हे. पॅंट पोटाच्या खाली सरकत जाते आणि नंबर वीस वर्षं तोच राहतो. मैत्रिणींनो, परकराची नाडी बांधतो ती जागाही नव्हे. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत असावी, असं धरतात. आकडे लक्षात राहत नसतील तर एक सोपं सूत्र : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची १७० असेल तर कंबर ८५ च्या आत. गणिताचे सर समोर बसले आहेत, भागाकार चुकवू नका.

कंबर जास्त निघाली तर चार गोष्टी तपासा. रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, आणि चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली. कंबर धरून या पाचांपैकी तीन जुळल्या तर डॉक्टरांकडे जायला पुढचा सोमवार नको, हाच. आणि डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचून बंद करू नका.

मैत्रिणींना एक वेगळं सांगते. पाळी थांबेपर्यंत आपली चरबी नितंब-मांड्यांवर बसते, म्हणून त्या वयात पुरुषांपेक्षा आपल्याला थोडं संरक्षण असतं. पाळी थांबली की ती पोटाकडे वळते. 'वयानुसार सुटलं' म्हणून सोडून देऊ नका. आणि बायकांमध्ये झटक्याची लक्षणं कित्येकदा छातीत कळ न येता दिसतात : दम लागणं, मळमळ, खूप थकवा, पाठीत किंवा जबड्यात दुखणं.

चांगली बातमी अशी की ही आतली चरबी जशी सहज चढते तशीच व्यायामाने आधी उतरते. वजनकाटा जागचा न हलताही कंबर कमी होऊ शकते. म्हणून महिनाभर चालून काटा हलला नाही तर खट्टू होऊ नका, टेप लावा. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने चाला. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा. पीटीचे सर उठाबशा काढायला लावायचे ती शिक्षा होती, आता तेच औषध समजा. नुसत्या पोटाच्या व्यायामाने मात्र पोटातली चरबी जात नाही, तेवढ्यासाठी यंत्रं विकत घेऊ नका.

खाण्याचं लांबण लावत नाही. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते शक्यतो पंचवीसच्या आत राहा, आणि अजून आपण खारी, बिस्किटं, शिरा मोजलेच नाहीत. ताटात भाताचा डोंगर कमी करा, उसळ, डाळ, ताक, भाजी वाढवा. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर तीही साठतेच. उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स हा उपास नव्हे. तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद. दारू आणि जागरण हे दोघं कंबर वाढवायला मदत करतात.

आपल्या सर-बाईंना हात जोडून विनंती : हे सगळं आम्हा विद्यार्थ्यांसाठी आहे. ऐंशीच्या घरात वजन कमी करायच्या मागे लागू नका. त्या वयात स्नायू टिकवणं महत्त्वाचं. रोज थोडं चाला, दूध, डाळ, अंडं जे चालत असेल ते घ्या आणि काही बदलायचं तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटचं, आणि एवढं तरी पाठ करून जा. छातीत दाब, डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, कारण नसताना दम. यातलं काही पंधरा-वीस मिनिटं राहिलं तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा किंवा सोडा घेऊन पहाटेपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ईसीजी नीट निघाला तर तुम्हाला कोणी हसणार नाही. हसलं तर माझ्याकडे पाठवा.

नोंदणीच्या टेबलावर मी एक टेप आणि उंची मोजायची पट्टी ठेवली आहे. आकडा कोणाला सांगायचा नाही, आपल्या बिल्ल्याच्या मागे लिहून घरी न्यायचा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. पुढच्या मेळाव्यात श्रद्धांजलीची यादी लांबू नये, एवढ्यासाठी आजचा हा पोटाचा विषय.